ओळखीचा श्वास

स्टुडिओतली माणसं त्याला कानसेन म्हणायची. बाजारातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, भिंतींना फोम चिकटवलेल्या खोलीत, गेली एकोणीस वर्षं तो जाहिराती आणि लग्नाची गाणी रेकॉर्ड करत होता. कोण सर्दी घेऊन गातंय, कोण नुकतंच रडून आलंय, हे त्याला पहिल्याच ओळीत कळायचं. हे कान एक दिवस आपल्यालाच गोत्यात आणतील, असं मात्र त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी साध्या कपड्यातले दोन पोलीस आले. साहेबांनी बोलावलंय, तासाभराचं काम आहे, एवढंच म्हणाले. आपण काय केलं असेल, याची उजळणी करण्यात सगळा रस्ता गेला. काहीच सापडेना, आणि त्यामुळे तो जास्तच घाबरला.

साहेब वयाने त्याच्यापेक्षा लहान आणि बोलायला मऊ होते. टेबलावर लॅपटॉप आणि हेडफोन मांडून ठेवले होते. एका गाण्यातला आवाज कुणाचा, ते त्याने ओळखायचं होतं. ते गाणं शहरात कुणाला माहीत नव्हतं? दीड महिन्यापूर्वी नळाला गढूळ पाणी यायला लागलं, गल्लोगल्ली माणसं आजारी पडली, आणि पाणी अगदी शुद्ध आहे असं सरकारी पत्रक निघालं. चारच दिवसांत हे गाणं फोनाफोनी पसरलं. ठेका असा की म्हाताऱ्यांचीही मान डोलावी, आणि त्यावर एका बाईचा आवाज: ‘आधी तुम्ही प्या, साहेब, मग आम्ही पिऊ.’ बंदी आल्यावर लोक शब्द गिळून नुसती चाल शिट्टीवर वाजवायचे. कानसेनने ते कधी ऐकलंच नव्हतं. फोनवर आलं की न ऐकता पुसून टाकायचा. उगाच नसती आफत कशाला, म्हणून.

आज हेडफोन लावून त्याने ते पहिल्यांदा ऐकलं. ठेका सुरू झाला, आणि पहिला शब्द येण्याआधी गाणारीने श्वास घेतला. नाकातून, अर्धा, मध्येच किंचित अडकलेला. लहानपणी छातीच्या दुखण्यातून उठल्यापासून असा श्वास घेणारी एकच बाई त्याला माहीत होती. त्याला गाणी म्हणून निजवणारी त्याची ताई, सरकारी दवाखान्यातली नर्स.

चेहरा हलू न देता त्याने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग साहेबांनी दुसरी फाईल लावली. आवाज हॉटेलात गाणाऱ्या एका बावीस वर्षांच्या मुलीचा होता. ती कालपासून कोठडीत होती.

“तीच आहे ना?” साहेबांनी विचारलं.

नुसती मान हलवायची होती. मान हलवली की ताई सुटली, तो सुटला, संध्याकाळी घरी. त्याने तोंड उघडलं ते हो म्हणायलाच, असं त्याने पुढे बायकोपाशी कबूल केलं. पण एकोणीस वर्षांत आवाजाबद्दल तो कधी खोटं बोलला नव्हता, आणि तोंडातून निघालं, “नाही.”

“कशावरून?”

आता कारण देणं आलं. श्वासाबद्दल चकार शब्द काढायचा नव्हता. त्याने सांगितलं की या मुलीच्या ‘स’मध्ये दातांच्या फटीतून बारीक शिट्टी येते. गाण्यात ‘साहेब’ बारा वेळा आलंय आणि एकदाही शिट्टी नाही. साहेबांनी दोन्ही पुन्हा ऐकलं.

“मग ही कोण?”

“माहीत नाही.”

साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. “घ्या. घाबरू नका, बाटलीतलं आहे.”

तो पाणी प्यायला. घाईघाईत निम्मं शर्टावर सांडलं. मुलीचा आवाज जुळत नाही, अशा कागदावर सही करून तो बाहेर पडला. लागलं तर परत बोलावू, हे साहेबांचं बोलणं पाठीमागून ऐकू आलं.

पाठलाग होत असेल म्हणून दोन बस बदलून तो ताईकडे गेला. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती. त्याने दार लावलं, खिडक्या लावल्या आणि मग काय झालं ते सांगितलं. तिने स्वतःबद्दल काहीच विचारलं नाही.

“त्या पोरीला मारलंय का?”

ते विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्याला लाज वाटली.

“ती सुटली नाही तर मी जाऊन सांगणार आहे,” ताई म्हणाली. “आणि दुसरं गाणंही झालंय आमचं. वॉर्डातल्या बायकांनी लिहिलंय.”

त्याने हात जोडले. तिच्या पोरांची शपथ घातली. तिने त्याच्या ओल्या शर्टासाठी टॉवेल पुढे केला. शेवटी तोच म्हणाला, “तुझ्या एकटीच्या आवाजात नको. बायकांना स्टुडिओत घेऊन ये. दुपारी, एकेकीला.”

गुरुवारी मुलगी सुटली. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेरा बायका त्याच्या खोलीत येऊन गायल्या. प्रत्येक वेळी जिन्यावर पाऊल वाजलं की तो गाणं थांबवायचा. पण त्याने तेराही आवाज एकमेकांवर असे बसवले की कोण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कुणाला सांगता येऊ नये.

नवं गाणंही शहरभर पसरलं, आणि साहेबांनी बोलावलंच. स्वतःचंच काम त्याने त्यांच्या हेडफोनमधून दोनदा ऐकलं. “वेगळं काढता येत नाही,” तो म्हणाला, आणि ते खरं होतं. साहेब म्हणाले, कान म्हातारे झाले वाटतं. तो हो म्हणाला.

पुढे रस्ते खणून जुने पाइप बदलले गेले. त्याची भीती मात्र कमी झाली नाही. एका सकाळी जिन्यावर अनोळखी पावलं वाजली तेव्हा तो खुर्ची धरून उभा राहिला. दारात तीच मुलगी होती. पोलिसांनी नेल्यावर हॉटेलवाल्याने तिला काढून टाकलं होतं. कागदावरची सही तिला ठाऊक नसावी. जाहिरातीत गायला काही काम मिळेल का, एवढंच ती विचारत होती.

तिला इथे येता-जाता कुणी बघितलं तर काय होईल, हे त्याच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. त्याने तिच्यामागे जिन्यात डोकावून पाहिलं. कुणी नव्हतं.

“उद्या अकराला ये,” तो म्हणाला. “साबणाची जाहिरात आहे. ‘स’ जपून म्हण.”