आर्झेलाचा उजवा हात

चर्चचा कारभारी डीकन मॅब्री यानं चादर ओढली आणि विचारलं, "काय सिस्टर लुव्हिनिया, ओळखू येतेय का?"

वेदीसमोर स्टँडवर पांढरीशुभ्र, चकचकीत गिटार उभी होती. लुव्हिनियाला आधी वाटलं, यांनी कुठून तरी दुसरीच आणून ठेवली. मग खुंट्यांजवळचा टवका दिसला. तिच्या बहिणीची, आर्झेलाचीच होती. आठवड्यापूर्वी आर्झेलाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या आजच्या उपासनेसाठी लुव्हिनियानं स्वतः पेटीतून काढून दिली तेव्हा ती लाल होती.

"माझ्याच गॅरेजमध्ये फवारली," मॅब्री म्हणाला. "पाळकसाहेबांच्या गाडीला मारला तोच रंग. आज चर्चच्या सगळ्या वडीलधाऱ्या माता पांढऱ्यात बसणार, अन् मधोमध ही लालभडक? गुत्त्यातली वाटली असती."

गुत्ता त्याच्या तोंडात नेहमीच तयार असायचा. मेम्फिसमधल्या याच चर्चमध्ये तरण्या आर्झेलानं पहिल्यांदा विजेची गिटार वाजवली, तेव्हा भिंतीतली वायर यानंच उपटली होती. देव काही बहिरा नाही, असं वर ऐकवलं होतं. पुढं आर्झेला तीच स्तोत्रं घेऊन नाचघरांत गेली, तर या पुण्यवंतांनी चर्चच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलं. आता पेपरवाले लिहू लागले की गोऱ्या पोरांनी जे वाजवून बंगले बांधले ते मुळात तिचं. लगेच ती चर्चची लेक झाली. मेलेलं माणूस फार सोयीचं असतं, उलटून बोलत नाही.

त्या गिटारीचं लुव्हिनियाला तरी कुठं कौतुक होतं? ती शिवणकाम करायची. बहिणीचे झगे तीच शिवायची, आणि प्रत्येक झग्याची उजवी बाही गिटारीच्या कडेवर घासून विरायची. "गातेस का कापड खातेस?" म्हणून ती करवादायची. आर्झेला हसायची. "लाव गं ठिगळ. देव ठिगळं मोजत नाही."

बाही विरायची तसा तिथला लाल रंगही झिजला होता. तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं होतं. बहीण गेल्यापासून लुव्हिनिया रोज सकाळी पेटी उघडायची, त्या जागेवर हात ठेवायची आणि मग चहा टाकायची. रेकॉर्डवरचा आवाज सगळ्या जगाचा होता. ही जागा तिची एकटीची होती, आणि ती या गाढवानं कारच्या रंगाखाली गाडून टाकली.

उपासना सुरू झाली. शवपेटीवाल्याची जाहिरात छापलेले पंखे हलवत माता वेळच्या वेळी रडल्या. गिटार पाहताच अंगात पवित्र आत्मा संचारला, असं मदर हॅझलटाइननं उठून सांगितलं. त्या काळी हीच बाई कानात कापूस घालून बसायची. मग पाळकांनी लुव्हिनियाला बहिणीविषयी साक्ष द्यायला पुढं बोलावलं.

ती गेली. एकेकाचं तोंड नीट पाहून घेतलं.

"तुम्ही तिला हाकललंत, ते तिनं सोसलं," ती म्हणाली. "तिची एवढीशी खूण माझ्यापाशी राहिली होती, ती पण पुसलीत. वर टाळ्या वाजवताय."

तिनं गिटार स्टँडवरून उचलली. मॅब्री धावत आला. "अहो सिस्टर, रंग कच्चा आहे अजून. हाताचे ठसे उठतील."

"उठू देत."

खालच्या हॉलमध्ये तळलेल्या कोंबडीचा वास सुटला होता. कुणीतरी जेवून जायचा आग्रह केला. हिनं मान वळवून पाहिलंदेखील नाही.

घरी येऊन तिनं गिटार टेबलावर ठेवली. खरवडावं म्हणून कात्री हातात घेतली, परत ठेवली. खालचं लाकूड निघेल, पण त्यावरचा आर्झेलाचा हात थोडाच निघणार होता. तिला फार रडू आलं.

मग तिनं कपाटातून आर्झेलाचा निळा झगा काढला आणि गिटारीवर पसरला. उजवी बाही आपोआप जागेवर पडली. ठिगळ तिथंच आलं, जिथं यायला हवं होतं.

ठिगळाचा एक टाका उसवला होता. लुव्हिनियानं चष्मा पुसला आणि सुईत दोरा ओवला.