शब्बीरनं चावलेला लाल दोरा

आखातातल्या हमद टाउनमध्ये राउंडअबाउटच्या कडेला शब्बीर टेलरचं दुकान होतं, तेव्हाची, म्हणजे त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. लोंबता दोरा दिसला की शब्बीरचे दात शिवशिवायचे. रत्नागिरीत एकदा ऐन निकाहात त्यानं नवरदेवाच्या शेरवानीचा दोरा वाकून चावला होता म्हणतात. पाहणारे सगळे मेलेत, तेव्हा खोटं म्हणायला कुणी उरलेलं नाही.

त्या दुपारी ऊना नावाच्या आयरिश नर्सच्या लोकरी कोटाला नवं अस्तर लावून झालं. घडी घालताना खालच्या दुमडीतून वीतभर लाल दोरा लोंबताना दिसला. कच्चकन चावला, थुंकला. मग दिसली तिथेच टाचलेली जुनाट चिठ्ठी. अक्षरं इंग्रजी, शब्द मात्र इंग्रजी नव्हे.

शब्बीरला आठवलं. कोट देताना बाई याच जागी बोट ठेवून भरभर काहीतरी बोलली होती, आणि त्यानं सवयीनं "ओके ओके, इंशाल्ला" म्हटलं होतं. पाच वाजता ती येणार होती.

बँकेतले जयप्रकाश पँट न्यायला आले होते. त्यांनी दुकानातूनच आपल्या आयरिश साहेबाला फोन लावला, एकेक अक्षर सांगितलं.

"स्नाहे. म्हणजे आयरिश भाषेत धागा," रिसीव्हर ठेवत ते म्हणाले. "मुळात कातण्यावरून आलाय. त्यांची सुईसुद्धा त्याच घराण्यातली. आणि साहेब म्हणतो, आपला स्नायूपण! पूर्वी जनावराच्या स्नायूंनीच शिवायचे ना."

"अहो, पण शिंप्याकडच्या कोटावर 'धागा' कशाला लिहितील? समोशावर कोणी 'समोसा' लिहितं काय?"

"ते विचारायचं राहिलं."

गोंधळलेला शब्बीर थुंकलेला दोरा शोधायला जमिनीवर बसला. केरात लाल तुकडे निघाले अकरा, सगळे सारखे. शेवटी एकेक जिभेवर ठेवून पाहू लागला. दहा बेचव. अकरावा मेंढीसारखा लागला.

नेमकी तेव्हाच ऊना दारात.

"सॉरी, मॅडम," तोंडातला दोरा काढून त्यानं पुढे केला. "मिस्टेक माझी."

ऊनानं कोटाच्या त्याच दुमडीवर पुन्हा बोट ठेवलं. मग थांबत थांबत बोलली आणि जयप्रकाशांनी सांगितलं, "तिची आई ही दुमड शिवत होती. दोरा संपला. आणायचा विसरू नये म्हणून चिठ्ठी टाचली. आणायच्या आधीच गेली."

शब्बीरनं सुई घेतली, दोरा शेवटच्या टाक्यात ओवला.

"गाठ मारू नको म्हणते."

"कळलं," शब्बीर म्हणाला. दोरा पुन्हा वीतभर लोंबू लागला. दात शिवशिवले. कोट तिच्या हाती देईपर्यंत त्यानं तोंड गच्च मिटून ठेवलं.

बाईला वाटलं, बिचारा रागावला.