पाइपामागची डबी

मित्रांनो, माहुलच्या खाडीत ओहोटी लागली की चिखलात नाक खुपसून बसलेल्या तीन जुन्या बोटी दिसायच्या. त्यातली मधली, सगळ्यात कळकट, ती मी. हसू नका. एकाहत्तरच्या युद्धात मी मुंबई बंदराबाहेर गस्त घालत होते. शेजारच्या दोघी दिसायला माझ्यासारख्याच, पण युद्धानंतर बांधलेल्या. त्यांनी कसलं युद्ध पाहिलंय!

पुढे नौदलाने मला विकलं. अंगावरचा नंबर तेव्हाच घासून काढला. मग मी लांब उभ्या असलेल्या जहाजांना पिण्याचं पाणी पोहोचवू लागले. कोणी मला निळा रंग फासला, कोणी वरची केबिन कापली, कोणी इंजिनच काढून नेलं, आणि शेवटी इथे आणून टाकलं. कोळणी माझ्या कठड्यावर जाळी वाळत घालायच्या. थंडीत गुलाबी रोहित पक्षी यायचे आणि माझ्या सावलीत चरायचे. उन्हं अंगावर आली की मला डुलकी लागायची, आणि डुलकीत नेहमी वाटायचं, पोटात कोणीतरी बसून हळू आवाजात गुणगुणतंय. तो धाकू.

धाकू माझ्या इंजिनखोलीतला खलाशी. देवगडचा, दर्याकाठी वाढलेला. वर तोफेवर भीमराज, बुलढाण्याकडचा, ज्याने नोकरीत येईपर्यंत समुद्र पाहिलाच नव्हता. आता गंमत बघा. भीमराज लाटांवर ढिम्म, आणि धाकूला बोट लागायची! पहिल्या हेलकाव्यालाच याचं तोंड बादलीत. पण सांगणार कोणाला? गावी कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून तो गुपचूप आमसूल चघळत बसायचा. ते ओळखलं एकट्या भीमराजने. तो हसला नाही. आमसुलं भिजू नयेत म्हणून त्याने आपली पितळी डबी धाकूला दिली, आणि धाकूने ती पाइपामागे, माझ्या फासळीत खोचून ठेवली. हे तिघांनाच ठाऊक होतं, त्या दोघांना आणि मला.

गेल्या वर्षी खाडीवर एक बाई आली. दर्शना, भीमराजची मुलगी, मुलुंडला पोस्टात नोकरी करणारी. भीमराज गेल्याचं मला तिच्याच बोलण्यातून कळलं. फार वाईट वाटलं. तिच्याकडे वडिलांचा एक फोटो होता, सहा खलाश्यांचा, मागे नावं लिहिलेली. बाबांची बोट या तिघींतली कोणती, एवढंच तिला हवं होतं. एक संस्था एक बोट जपायला तयार झाली होती, पण युद्धातली बोट हीच, असं त्या बोटीवरच्या माणसाने सांगितलं तरच. आणि आमचा मालक शिवदास, भंगाराचा धंदा करणारा, तो शनिवारपर्यंतच थांबणार होता. नंतर गॅस-कटर.

दर्शनाने सगळ्यांचा शोध घेतला. कोकणातल्या गावांची मुंबईत मंडळं आहेत ना, ती तिने एकेक करून पालथी घातली. फोटोतले आणखी चौघेही गेलेले निघाले. उरला धाकू, दहिसरच्या चाळीत.

शुक्रवारी ती त्याला घेऊन आली. सोबत त्याची नात जान्हवी. काठी टेकत, वाकलेला, पण चाल तीच! मी चिखलातल्या चिखलात ताठ झाले. धाकूने तिन्ही बोटींवरून नजर फिरवली आणि मान हलवली.

"नाय गो बाय. ओळखत नाय मी."

मला नाही ओळखलं! पण त्याची तरी काय चूक? तो कायम माझ्या पोटात. बाहेरून त्याने मला धड पाहिलंच कधी?

दर्शनाने फोटो पिशवीत ठेवला. धाकूने हळूच विचारलं, आत उतरायला मिळेल का. मग नातीकडे बघितलं आणि लगेच म्हणाला, राहू दे, कशाला. मला सगळं समजलं. मघाशी हीच नात कौतुकाने सांगत होती, आजोबांसाठी दर्या म्हणजे पाळणा, त्यांना कधी काही झालं नाही. पन्नास वर्षं हा चाळभर हेच सांगत आला होता. अरे धाकू, मी मनातल्या मनात म्हटलं, तुझ्या लाजेपायी मला कापतील ना रे!

शिवदासने माझ्या अंगावर खडूने रेघ ओढली, उद्या कुठून कापायचं त्याची. धाकू त्या रेघेकडे बघत राहिला. मग काठी नातीच्या हातात दिली आणि शिडी धरून खाली उतरला. आत अंधार, गाळ आणि खेकडे. त्याने टॉर्च मागितला नाही. आपल्या जागेवर बसला, उजवा हात मागे नेला आणि फासळीत घातला.

वर आला तेव्हा हातात हिरवी पडलेली डबी होती. त्याने ती शर्टाला घासली. झाकणावर खिळ्याने कोरलेलं नाव दिसू लागलं, भीमराज.

"माका बोट लागायची," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "ही डबी तुझ्या बापाशीची."

दर्शना कितीतरी वेळ त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत होती. धाकूने घाबरत विचारलं, "तेना कोणाक सांगल्यान नाय मां?"

"नाही काका. बाबांनी आम्हालासुद्धा कधी सांगितलं नाही."

तेव्हा धाकू रडला. जान्हवीने त्याचा हात धरला. तीही हसली नाही.

आता मी त्या संस्थेच्या खाडीकाठच्या शेडमध्ये आहे, पुन्हा नौदलाच्या करड्या रंगात. शाळेतली मुलं येतात, तोफेच्या जागी उभं राहून फोटो काढतात आणि निघून जातात. मित्रांनो, माझं एवढं ऐका. एखादी जुनी वस्तू मोडीत घालण्याआधी, जो तिच्यासोबत राहिला त्याला एकदा विचारा. आणि इथे आलात तर शिडी उतरून खाली या. उजवा हात मागे न्या. डबी तिथेच आहे, धाकू तिच्यात नवी आमसुलं भरून ठेवतो. एक खा, बाकीची मागून येणाऱ्यासाठी राहू द्या. आणि तुमच्यापैकी कोणाला बोट लागत असेल, तर मी कोणालाही सांगणार नाही.