मान वर न करणारा पाहुणा

माझ्या बाहेरच्या काचेवर, मध्यापासून किंचित डावीकडे, मोहरीच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका आहे. दाराला रंग देताना तो ब्रशवरून उडाला आणि तिथेच वाळला. बाहेर उभ्या असलेल्याला तो दिसतही नाही. पण आतून माझ्यातून पाहिले, की समोरच्या माणसाचा एक डोळा मळकट सावलीत जातो आणि भला माणूसही काहीतरी लपवतोय असे वाटते.

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे, दारात बसवलेले. दार न उघडता बाहेर कोण आले आहे ते बघता यावे, एवढेच माझे काम.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. माझ्या पितळी नळीत पुढे खोलगट काच आहे आणि मागे फुगीर. पुढची काच सगळा जिना गोळा करून लहान करते, मागची तो बघणाऱ्याच्या डोळ्यापाशी आणून देते. यात एक अडचण आहे. जे जवळ आणि मध्यावर असते ते फुगते, जे कडेला असते ते वाकते. त्यामुळे दारासमोरच्या माणसाचे नाक भोपळ्याएवढे दिसते आणि मागची माणसे दबा धरून बसल्यासारखी दिसतात. मी मुद्दाम कोणाची बदनामी करत नाही. माझा आकारच तसा आहे.

मला या दारात एका घड्याळजींनी बसवले. ते आणि त्यांची बायको घरातली पुढची खोली शहरात येणाऱ्या प्रवाशांना राहायला देत. घड्याळजी मागच्या खोलीत काम करत. त्यांच्या मेजाच्या कडेला जाड गादीची पट्टी होती. तिच्यावर कपाळ टेकवून, डोळ्याला भिंग लावून ते तासन्‌तास खाली बघत बसत. बाजारातून परतले, की ते किल्ली खिशातच ठेवून बेल वाजवत आणि माझ्यासमोर गाल फुगवून उभे राहत. आत बायको हसून हसून बेजार होई. पाहुणेही म्हणत, "वा, दाराला डोळा आहे!" ते माझे चांगले दिवस होते.

मग घड्याळजी गेले. बाईंनी मागच्या खोलीला कुलूप लावले आणि किल्ली गळ्यात अडकवली. त्यानंतर एकदा पाहुण्यांचे एक टोळके न्हाणीघराचा नळच काढून घेऊन गेले. बाईंनी कानाला खडा लावला. दाराला साखळी आली. प्रत्येक पाहुण्याने माझ्यासमोर एकेकट्याने उभे राहायचे, मान वर करून सरळ बघायचे आणि मगच आत यायचे, असा नियम झाला. इमारतीतले लोक त्यांना साखळीकाकू म्हणू लागले.

त्यांची बहीण फोनवर विचारायची, "मागची खोली कधी उघडणार गं? मोठी कुटुंबं दारातून परत जातात."

"बघू. हा उन्हाळा जाऊ दे," काकू म्हणायच्या. किती उन्हाळे गेले! माझ्यावर धूळ साचली, पितळ काळवंडले. माझी बाहेरची काच पुसायची तर दार सताड उघडावे लागते, आणि ते तर काकू करेनात.

एका संध्याकाळी बेल वाजली. काकूंची पापणी मला येऊन टेकली. बाहेर पाच मोठी माणसे होती, दोन बायका आणि तीन पुरुष. मधल्या माणसाचा फक्त टाळूचा भाग दिसत होता. त्याची हनुवटी छातीला टेकलेली होती आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी त्याचे दंड धरले होते.

"कोण पाहिजे?"

"राहायला जागा पाहिजे, काकू. थोडे दिवस," एक जाडसर माणूस म्हणाला. त्याला बाकीचे दाजी म्हणत होते.

"माझ्याकडे तीन पलंग आहेत. तुम्ही पाच."

"आम्ही खाली झोपू," मागची बाई म्हणाली. ती त्या वाकलेल्या माणसाची बहीण होती. "पण सगळ्यांना एकत्रच राहायचंय."

काकूंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "मधले गृहस्थ वर का बघत नाहीत?"

"त्यांची मान आखडलीय," त्याची बायको म्हणाली.

"लाजाळू आहेत हो," दाजी म्हणाले.

"दादाचं बटण पडलंय," धाकटा भाऊ म्हणाला.

तिघेही एकाच वेळी बोलले.  दाजींनी धाकट्याकडे असे बघितले, की माझी काच तडकते की काय असे मला वाटले.

"अस्सं! लाजाळू माणसाची मान आखडली आणि बटणही पडलं," काकू आतून म्हणाल्या. "माझा नियम ऐका. मान वर करून भिंगात बघितल्याशिवाय दार उघडत नाही. चेहरा दाखवा, नाहीतर वाटेला लागा."

बाहेर कुजबुज झाली. "आता कुठे जायचं?" असे बहीण म्हणाली.  वाकलेला माणूस हळूच म्हणाला, "एकदाच बघतो. तुमची तरी सोय होईल." आणि तो मान उचलू लागला. मला त्याचे कपाळ दिसले, मग भुवया.

"नाही!" त्याची बायको ओरडली. चौघांचे हात एकदम पुढे आले आणि सगळ्यांनी मिळून त्याचे डोके खाली दाबले.

मित्रांनो, आतून हे कसे दिसले असेल, कल्पना करा. भोपळ्याएवढे तळवे, वाकडी तोंडे, आणि मधे एक दाबलेले डोके. 

"सोडा त्यांना!" त्या किंचाळल्या. "कुठून पळवून आणलंत? थांबा, पोलिसांनाच बोलावते!"

"बाई, मला कोणी पळवलं नाही," वाकलेला माणूस जमिनीकडे बघत म्हणाला. "माझ्या डोळ्याचा पडदा सुटला होता. आज सकाळी ऑपरेशन करून तो बसवलाय आणि डोळ्यात हवेचा फुगा सोडलाय. फुगा नेहमी वर चढतो. पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला असतो, म्हणून मी खाली बघितलं, तरच तो पडद्याला दाबून धरतो. मान वर केली, तर पडदा पुन्हा सुटू शकतो. आणि दुसऱ्या डोळ्याने मला फक्त उजेड-अंधार कळतो."

 पापणी हलत नव्हती.

"मग घरी का जात नाही?"

"घर डोंगरावर आहे," बायको म्हणाली. "उंचावर गेलं की डोळ्यातला फुगा फुगतो. डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय."

"आणि एवढे सगळे कशाला?"

"झोपेतही त्याला कूस बदलू द्यायची नाही," बहीण म्हणाली. "एकाने जागायचं, बाकीच्यांनी झोपायचं. वेगवेगळं राहून कसं जमणार?"

"मग खोटं का बोललात?"

दाजींनी कपाळावरचा घाम पुसला. "आधीच्या दोन ठिकाणी खरं बोललो, काकू. आजारी माणूस नको म्हणाले. म्हणून तुमच्या जिन्यात ठरवलं, की या खेपेला खोटं बोलायचं. पण नेमकं काय बोलायचं, ते ठरवायचं राहून गेलं."

आतून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे मला सांगता येणार नाही. एवढ्या जवळून मला फक्त पापणी दिसते.

काकू बराच वेळ त्या झुकलेल्या डोक्याकडे बघत होत्या. विरळ केस, वाकलेली मान आणि समोर आलेली टाळू. असे डोके या घरात वर्षानुवर्षे कोणीतरी रोज बघितले होते, मेजावर झुकलेले.

मग साखळी खळखळली. दार उघडले आणि थेट भिंतीला जाऊन टेकले. इतक्या वर्षांनी माझी बाहेरची काच घराच्या आत वळली. समोर मागच्या खोलीचे दार होते आणि त्यावर ते कुलूप.

काकूंची नजर माझ्यावर गेली. त्यांनी बाहीने माझी काच पुसली, ठिपका नखाने खरवडला. अर्धा निघाला, अर्धा राहिला.

मित्रांनो, तुमच्याही दारात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला अधूनमधून पुसा. त्याच्यातून जरूर बघा, सावध राहणे वाईट नाही. पण आम्ही माणसाला वाकडे करून दाखवतो, हे विसरू नका. एक प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

पाचही जण उंबऱ्याच्या आत येऊन अवघडून उभे होते. धाकट्याने पुढच्या खोलीत डोकावून पाहिले. "पलंग छान आहेत," तो म्हणाला, "पण दादा, डोकं खाली टेकवून बसायला इथे काहीच नाही रे."

काकूंनी गळ्यातली किल्ली काढली. ती घेऊन त्या कुलपापाशी गेल्या. 

"मागच्या खोलीत मेज आहे, कपाळ टेकायला गादी लावलेलं. माझ्या नवऱ्याचं. मागची खोली मी उघडतेय."