उडीनंतरचे भाग

वर्सोव्याच्या ल्युसी आंटीने सतराव्या वर्षी मूकपटात काम केलं होतं, हे तिच्या मुलाला, बेसिलला, चौऱ्याऐंशी साली कळलं. तेही एका परक्या बाईकडून.

ती बाई म्हणजे सुलक्षणा. अंधेरीच्या कॉलेजात शिकवायची आणि जुन्या फिल्मा शोधत फिरायची. बारा भागांच्या एका साहसपटाचा फक्त चौथा भाग तिला घाटकोपरच्या गोदामात सापडला होता. बाकीचे जळाले की भंगारात गेले, देव जाणे. जुन्या माणसांना विचारत विचारत ती या दारात पोचली.

संध्याकाळी पडवीत चादर टांगली. प्रोजेक्टर घरघरला आणि डोळ्यांपुरती भोकं असलेली काळी पट्टी बांधलेली एक मुलगी घोड्यावरून दौडत आली. मागे डाकू. वाऱ्याने चादर फुगली की तिच्यावरचा समुद्रही फुगायचा. मढच्या किल्ल्याचा तट संपला, तशी मुलीने खाली समुद्रात उडी घेतली. ती हवेत असतानाच चादर पांढरी झाली.

"मम्मी, ही तू?"

"मीच रे."

"मग पुढे? वाचली ना ती?"

"मला काय माहीत!" आंटी अजून चादरीकडेच बघत होती. "त्या उडीत माझा पाय मोडला. माझी पट्टी त्यांनी कुंदाला, दुसऱ्या एका पोरीला, बांधली आणि तिला घेऊन पुढचे भाग केले. सगळे म्हणायचे, बघायला चल. मी गेलेच नाही. लय राग आलेला मला."

सुलक्षणा हळूच म्हणाली, "आंटी, कुंदाचं आता काहीच उरलेलं नाही. एक फोटोसुद्धा नाही."

आंटीने चादरीवरून नजर काढली. मग म्हणाली, "पोहता येत नव्हतं गं तिला. तरी माझ्या जागी गेली पाण्यात."

रविवारी आंटीने किल्ल्याला जायचा हट्टच धरला. बेसिलने दोघींना होडीत घातलं आणि मढच्या किल्ल्याखाली नेलं. ऊन कोवळं होतं. तटाची सावली पाण्यात लांबच लांब पसरली होती. आंटीने वर पाहिलं, मग पाण्यात हात घातला.

"इथंच बाहेर आली असणार कुंदा," ती म्हणाली. "केस गळ्याला चिकटलेले. त्या खडकामागे एक भुयार असेल. भ्यायली असेल, पण आत शिरलीच."

"आत काय होतं?" सुलक्षणाने विचारलं.

बेसिलने इंजिन बंद केलं. होडी आपसूक वाहत राहिली आणि आंटी पुढचा भाग सांगत राहिली. कुंदाने भुयारात मशाल पेटवली, तेव्हा किनारा बराच मागे पडला होता.