नव्या लिफ्टची फीत

इमारतीची लिफ्ट कोसळून शिलाईवालीचा नवरा आणि शेजारची दोन माणसं गेली, तेव्हापासून तिचे कान नको इतके तिखट झाले होते. कुठं भांडं पडलं, दार आपटलं की छातीत धस्स व्हायचं आणि मशीनवरची शिवण वाकडी जायची. शेजारणी म्हणायच्या, "किती मनाला लावून घेतेस गं." मनाला नाही तर काय, भिंतीला लावायचं?

आता सोसायटीनं नवी लिफ्ट बसवली. आत आरसा, गाणीबिणी. आणि फीत कापायला कोण, तर हीच! कल्पना अध्यक्षांची. "वहिनी, तुमच्या हातून झालं की सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरेल." म्हणजे ओझं यांचं आणि उतरवायचं हिनं. निर्लज्जपणाला काही सुमार?

जुन्या लिफ्टचा दोर कुरकुरतोय, असं नवऱ्यानं भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं. "कुरकुर तर तुझीच ऐकतोय दर महिन्याला," अध्यक्ष म्हणाले होते आणि सगळे खो खो हसले होते. आता विचारलं की अध्यक्ष म्हणायचे, "असं काही आठवत नाही बुवा." तिला एवढंच हवं होतं. तो बोलला होता, हे या माणसानं चारचौघांत कबूल करावं.

ती आली, स्वतःची शिवणकामाची कात्री घेऊन. सोबत आलेली सासू लिफ्टशेजारच्या पायरीवर टेकली.

"लिफ्ट सुरक्षित आहे ना?" तिनं अध्यक्षांना विचारलं.

"शंभर टक्के."

"मग आधी तुम्ही वर जाऊन या. एकटे. मग कापते."

"अहो, मला डॉक्टरांनी जिनाच चढायला सांगितलाय."

कुणी हसलं नाही. सगळे त्यांच्याकडेच बघत राहिले. शेवटी फितीखालून वाकून ते आत गेले.

दार लागलं. वर कुठंतरी खट्ट झालं. तिनं सासूचा हात घट्ट धरला. भीती काय असते ते कळावं म्हणून त्याला पाठवलं, आणि आता तो धड परत यावा म्हणून हीच जीव मुठीत धरून उभी. स्वतःचाच संताप आला तिला.

लिफ्ट खाली आली. आत गाणं चालूच होतं. अध्यक्ष घामानं निथळत होते. दाराची चौकट धरून ते पुटपुटले, "त्यानं सांगितलं होतं. मीच हसण्यावारी नेलं."

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. कात्री अजून मिटलेलीच होती. "मागच्यांना ऐकू आलं नाही."