बोंबलाच्या दोरीवरची चोरी

खोटं बोलत असेन तर माझं होडकं भरतीतसुद्धा चिखलात रुतो. नीराबाईनं हात न लावता दिपोटीसाहेबाच्या नाकावरचा चष्मा खाली पाडला. मी पाहिलंय.

दिपोटी म्हणजे शाळा तपासणारा साहेब. साल पंचावन्न असेल, छप्पन म्हणालात तरी भांडणार नाही. मांडव्याच्या खाली आमचा कोळीवाडा आणि जाळी ठेवायच्या खोपीत तुळशीराम मास्तरांची शाळा. पोरं टिकत नव्हती. वरून कागद आला, साहेब येऊन बघतील, शिकवणं पटलं तर शाळा राहील, नाहीतर बंद.

मास्तरांची भिस्त चित्रांच्या पुस्तकांवर. आमचा गुणाजी मुंबईच्या गोदीत कामाला. परदेशी खलाशांनी टाकलेली पुस्तकं तो घेऊन यायचा. चित्रातल्या माणसांच्या तोंडातून फुगे निघालेले, फुग्यांत इंग्रजी. मास्तर खळीनं त्यावर कागद चिकटवून मराठी लिहायचे. धडा दिसताच पळणारी पोरं फुग्यांपुढे अशी बसायची, की एकाच्या डोक्यावर कावळ्यानं घरटं बांधलं तरी त्याला कळलं नाही.

साहेबासाठी मास्तरांनी नवी कोरी गोष्ट केली. सहा चित्रं, पाटीएवढी, त्यांवर फुगे खळीनं चिकटवलेले. खळ ओली होती म्हणून खोपीशेजारी बोंबील सुकवणाऱ्या नीराबाईला म्हणाले, "मावशी, ओळीनं टांग गं."

आता बोंबील कसे टांगतात? दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे नि जोडी दोरीवर टाकायची. एक अल्याड, एक पल्याड. नीराबाईनं चित्रंही तशीच जोड्या बांधून टांगली. पहिलं अल्याड, दुसरं पल्याड. तिसरं अल्याड, चौथं पल्याड.

त्यात वारा असा लागला, की माझ्या मचव्यानं साहेबाला दोन तास आधीच आणून टाकलं. मास्तरांना दोरीकडे बघायलाही सवड मिळाली नाही.

"वाच गं," साहेब शाळेतल्या मैनेला म्हणाला.

मैना खणखणीत वाचू लागली. पहिल्या चित्रात चोर राणीचा हार पिशवीत टाकतोय, 'आता हा माझा!' पुढच्यात राजा टाळ्या पिटतोय, 'शाबास! असाच शूर गडी हवा!' त्यापुढं सगळं नगर नाचतंय, 'घरोघरी असे निपजोत!'

साहेबाचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. "मास्तर! चोरी शिकवता पोरांना? आजच टाळं ठोकतो!"

मास्तर डोळे चोळून चित्रं बघू लागले. अक्षर त्यांचंच, गोष्ट मात्र त्यांची नव्हे!

"थांब सायबा," नीराबाई पुढं आली. "बोंबलाची जोडी कवा एकाच अंगानं बघत्यात व्हय? पल्याड ये." दोरीखालून वाकून ती गेली, दुसऱ्या चित्रातल्या शिपायाच्या फुग्यावर बोट ठेवलं नि म्हणाली, "सो-ड... हा-र... चो-रा!"

साठीची बाई, जन्मात पाटी धरली नव्हती! तेव्हाच तो चष्मा पडला.

"तू... कुठल्या शाळेत शिकलीस?"

"मी कशाला शाळंत जाऊ? पोरं बोट ठेवून वाचत्यात, मी मागनं बघते. डोळं काय बांधून ठेवू?"

साहेब दोरीखालून अल्याड-पल्याड वाकत सहाही चित्रं वाचून आला. शिपायाला बक्षीस, चोर तुरुंगात. साहेबाच्या टोपीत दोन बोंबील अडकले होते. काहीजण तीन म्हणतात.

'शाळा चालू ठेवावी,' असं त्यानं लिहिलं आणि पटावर शेवटचं नाव घातलं, नीराबाई, वय साठ.

ते ऐकून मात्र नीराबाई मटकन खाली बसली. "अगं बया! आता रोज यावं लागंल? मग बोंबील कोण टांगील, हा सायेब?"